स्कीच्या फळ्या, बारदान वजा

माझी मुलगी घसरते. हे वाक्य मी पहिल्यांदा बचत गटाच्या बैठकीत बोलले आणि सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. शेजारणीनं माझ्या हातावर हात ठेवला. "आगं बया! कवा कळलं तुला?"

"कवा म्हंजी? दोन वर्षं झाली."

"आन् तू गप बसलीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओरडूनच सांगितलं की बर्फावर घसरते, पायाला फळ्या बांधून डोंगरावरून खाली यायचं, असा खेळ असतो, त्याला स्कीइंग म्हणतात. बायकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला खरा, पण थोडी निराशाही झालेली दिसली. इतक्या चांगल्या बातमीवर पाणी पडलं होतं.

आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठचं. आम्ही शेवंती आणि झेंडू लावतो. आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडचा, भुशात गुंडाळलेला. कॉलेजात असताना एनसीसीनं मुलीला काश्मीरला पाठवलं, तिथं कुणीतरी तिच्या पायाला त्या फळ्या बांधल्या, आणि मग संपलंच. परत आली ती अंगणात दोन्ही गुडघे वाकवून उभी राहायची. आमचे हे म्हणायचे, "हिला मणक्याचं काय झालंय का बघ." आता ती शिरूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आणि दर हिवाळ्यात रजा टाकून घसरायला जाते.

मी फटकळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मला हा खेळ पटला नव्हता. उसाच्या आणि फुलांच्या गावात राहून बर्फाचं वेड कशाला, असं मी तिला तोंडावर म्हणायचे. पण मागच्या हिवाळ्यात माझं मत बदललं, आणि ते बदललं रागानं.

झालं असं, की मागच्या वर्षी ती स्पर्धेला गेली ती दुसऱ्याचे बूट मागून. हे बूट म्हणजे आपले साधे बूट नव्हेत. प्लास्टिकचे, गुडघ्याखालपर्यंत येणारे, सिमेंटात पाय घातल्यासारखे. ते मापाचे नसले की नडगी सोलून निघते. हिची निघाली. निम्म्या उतारावर ती खाली बसली आणि तिचा नंबर गेला. घरी आली तेव्हा लंगडत होती. मी हळद-तेल लावत असताना म्हणाली, "आई, मी पडले न्हाई. बसले." पडली असती तर मला एवढं लागलं नसतं. तिचा पाय चांगला, तिची तयारी चांगली, आणि दुसऱ्याच्या बुटापायी माझ्या लेकीला खाली बसावं लागलं! मला इतका संताप आला, की त्या दिवशी घरातल्या कुणाशी मी धड बोलले नाही.

या वर्षी तिनं स्वतःचे बूट घेतले, पायाचं माप देऊन. फळ्या तिच्याआधी खेळणाऱ्या एका ताईच्या, वापरलेल्या, पण चांगल्या. आता एवढंच होतं, की हे सगळं सामान तिच्याबरोबर, त्याच विमानानं जायला हवं होतं. काश्मीरला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेची हजेरी आणि सामानाची तपासणी. सामान मागं राहिलं, तर पुन्हा कुणाचे तरी बूट मागायचे. ते मला मरेस्तोवर चाललं नसतं.

पिशवी शिरूरला शिवून घेतली. ट्रॅक्टरची सीट आणि टेम्पोची ताडपत्री शिवणारा कारागीर आहे एक, त्याला आम्ही माप सांगितलं: लांबी सहा फूट, रुंदी एक फूट. त्यानं टेप गळ्यात अडकवला आणि विचारलं, "ताई, कुणासाठी?"

"मुलीसाठी."

त्या बिचाऱ्यानं डोळे पुसले आणि ताडपत्री उलगडली. पिशवी मात्र त्यानं अशी शिवली की बैलानं ओढली तरी फाटू नये. दुहेरी ताडपत्री, कडेनं पट्टा, आत स्पंजाचं अस्तर. जड झाली, पण मजबूत.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या फुलांच्या शेडमध्ये सामान मांडलं. पोरीनं तपासणी सुरू केली, आणि ती बघून मला मान्य करावं लागलं, की ही माझीच मुलगी आहे. तिनं फळ्यांच्या लोखंडी कडांवरून नख फिरवलं, कुठं खरखर लागते का बघायला. बूट जिथं अडकतो त्या पकडीला बाइंडिंग म्हणतात, त्याचे स्क्रू एकेक करून पिळून पाहिले. पकडीवरचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघितला. तो आकडा तिच्या वजनाप्रमाणं लावलेला असतो. पडल्यावर फळी पायातून सुटली नाही, तर पाय मोडतो, असं ती सहज सांगून गेली. मी ते सगळे स्क्रू स्वतः परत एकदा पिळून पाहिले.

मग बांधाबांध. दोन फळ्या पोटाला पोट लावून, मध्ये कापड, दोन्ही टोकांना पट्टा. काठ्या शेजारी. बुटांची बकलं लावून बूट फळ्यांच्या मधल्या भागात, दोन बाजूंना. हेल्मेटमध्ये चष्मा आणि मोजे. इथपर्यंत ठीक होतं. मग ती चेन ओढायला लागली आणि मी तिचा हात धरला.

"आगं, ही पोकळी?"

"कुठली पोकळी?"

"बुटात. बूट मोकळंच हायेत की आतनं."

"असू दे आई. त्यात काय?"

त्यात काय! तीस वर्षं मी फुलं भरते आहे. करंडी असो, खोकं असो, आमच्या धंद्यात पोकळी म्हणजे पाप. मोकळी जागा राहिली की रस्त्यात माल हलतो, हलला की घासतो, घासला की काळा पडतो. मार्केटला फुलं पोचल्यावर व्यापारी आधी खोकं हलवून बघतो, आणि आतून आवाज आला की तोंड वाकडं करतो. माझ्या खोक्यातून आजवर आवाज आलेला नाही. हे सगळं मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "आई, ही शेवंती न्हाई." आणि चेन लावून मोकळी झाली.

विमानात तिच्या खेळाच्या पिशवीला पंधरा किलोची मुभा होती. ती म्हणत होती की ऑनलाइन एक छोटा हातातला काटा मागवू. मी म्हटलं, आपल्या ओळखीचा काटा असताना कशाला? ओळखीच्या कांद्याच्या वखारीत मापाडी मामा आहेत. मापाडी म्हणजे मालाचं वजन करणारा माणूस, आणि या मामांच्या वजनावर आमच्या भागात कुणी शंका घेत नाही. आम्ही पिशवी जीपमध्ये घालून तिकडं नेली. मामांनी काट्यावर ठेवली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आकडा बघितला, बोटानं ताडपत्री चाचपली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चौदा!"

मुलगी खूश झाली. "बघ, एक किलो अजून हातात हाय."

एक किलो हातात आहे, हे तिनं माझ्यासमोर बोलायला नको होतं. बुटात पोकळी आणि वर एक किलोची मुभा, म्हणजे ट्रक निम्मा रिकामा पाठवण्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेवढ्यात मी चेन उघडली. एका बुटात शेंगदाण्याचे लाडू, दुसऱ्यात लसणाच्या चटणीचं पाकीट आणि भाजलेले शेंगदाणे, गच्च. घरच्या काट्यावर मोजून बरोबर एक किलो घेतलं होतं, एक दाणा जास्त नाही. मी काही अडाणी नाही. पिशवी हलवून बघितली. आवाज नाही. मनाला बरं वाटलं.

निघताना आमच्या ह्यांनी घोळ घातला. नवी वस्तू घरातून बाहेर पडते म्हणजे तिला हार हवा. आमच्याकडं ट्रॅक्टरला हार, मोटारीला हार, बोअरच्या पंपालासुद्धा हार. घरात फुलांची कमी नाही. ताडपत्रीवर धूळ बसू नये म्हणून ह्यांनी पिशवीवर आपलं जुनं पांढरं धोतर गुंडाळलं होतं, जीपच्या टपावर ती आडवी बांधली आणि वर झेंडूचा भला मोठा हार घातला. नारळ फोडला. आम्ही बसलो आणि निघालो.

वाघोलीचं ट्रॅफिक टाळायला आम्ही यवतकडून हायवेला लागलो. मुलगी तिकिटाचे कागद बघत होती, मी पुढं बसले होते. मला जरा वेळानं जाणवलं, की रस्त्यातली माणसं आमच्याकडं बघून थांबताहेत. एका म्हाताऱ्या बाबांनी टोपी काढली. एका बाईनं पदर डोक्यावर घेतला. यवतला चहाला थांबलो तर हॉटेलवाला स्वतः बाहेर आला, हात जोडले आणि हलक्या आवाजात ह्यांना विचारलं, "कोण हुतं?"

हे म्हणाले, "मुलीचं हाय."

"आरारारा..." त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "किती वय हुतं?"

"वापरलेलंच घेतलं," हे म्हणाले.

तेव्हा मुलगी मागच्या दारातून उतरली, तिनं टपाकडं बघितलं आणि जी किंचाळली! "पप्पा! तिरडी केली तुम्ही माझी!" हॉटेलवाला चार पावलं मागं सरकला. मी हसून हसून जीपचं दार धरलं. धोतर आणि हार जागच्या जागी उतरवले. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. कशाबद्दल घेतले नाहीत, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

विमानतळावर पोचलो तेव्हा वेळ होता, पण फार नाही. आत फक्त तिकीटवाल्यालाच सोडतात. मागची माणसं ढकलत होती, म्हणून पोरीनं घाईघाईनं पिशवी गाडीवर ठेवली, हात हलवला आणि आत गेली. आम्ही दोघं काचेबाहेर उभे राहिलो. मला बरं वाटत होतं. पिशवी चांगली, बांधणी चांगली, वजन बरोबर. आणखी काय हवं?

फोन वाजला.

"आई, सतरा भरलंय."

"काय सतरा?"

"पिशवी! सतरा किलो! पंधरा पाहिजे. आन् आई, बुटात काय घातलंस तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"इथल्या ताई म्हणतायत की खेळाचं सामान म्हणून नोंदवलंय, मग लाडू कसला खेळ हाय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी विमानतळाच्या छताकडं बघितलं. "जास्तीचं पैसं भर की," मी म्हटलं.

"न्हाई घेत. विमान भरलंय. कमी करा न्हाईतर पिशवी उद्याच्या विमानानं पाठवू म्हणतात. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं हायेत."

उद्याच्या विमानानं. म्हणजे हजेरीला हिच्याकडं बूट नाहीत. म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी दारात.  लाडू काढले तरी सोळा होणार, हा हिशोब मला तोंडी येत होता, पण मामांचे चौदा आणि विमानवाल्यांचे सोळा, हे कुठून आलं ते काही केल्या कळेना. मी रागारागानं मामांना फोन लावला.

"मामा, काल पिशवी किती भरली हुती?"

"चौदा."

"काट्यावर किती दिसलं हुतं?"

"सोळा."

"मग चौदा कसं?"

"आवो, बारदान न्हाई का सोडायचं?" मामा अगदी शांत होते. "पिशवी जाड हाय तुमची. दोन किलो बारदान वजा केलं. सगळ्यांचं सोडतो, तुमचं कसं न्हाई सोडणार?"

 मालाचं वजन सांगताना पोत्याचं वजन सोडायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा धर्म. कांदा असो की काश्मीरला जाणारी फळी असो, त्यांचा हात आपोआप बारदानाकडं गेला. विमानवाल्यांना मात्र कांदा किती आणि पोतं किती याचं काही देणंघेणं नव्हतं. मला मामांवर ओरडायचं होतं, पण ओरडणार कुठल्या तोंडानं? ओळखीचा काटा माझाच होता. वरचा किलोही माझाच होता.

मी मुलीला फोन केला. "हे बघ, चूक माझी हाय. सगळं काढ त्यातलं. लाडू, चटणी, फेकून दे तिथंच."

"फेकत न्हाई. थांब तू दारात."

"आगं पण आणखी एक किलो..."

तिनं फोन ठेवला. काचेतून आतलं काही नीट दिसत नव्हतं, नुसती माणसांची डोकी. हे म्हणाले, "धीर धर." मी म्हटलं, "तुम्ही धरा, मला काय धरायचं ते मी बघते." नंतर वाईट वाटलं. ते बिचारे हातात धोतराची घडी घेऊन उभे होते.

पाच मिनिटं गेली असतील. मग आतून आवाज यायला लागला. खाट. खाट. खाट. चकचकीत फरशीवर कुणीतरी उखळ आपटत येतंय असं वाटावं. माणसं बाजूला होत होती, माना वळत होत्या, एक लहान पोर तर आईच्या मागं लपलं. आणि त्या वाटेनं माझी लेक येत होती. अंगात पंजाबी ड्रेस, पायांत गुडघ्याखालपर्यंतचे ते दांडगे बूट, सलवार वरून कोंबलेली, हातात लाडूंची पिशवी. बूटच तिनं पायात घातले होते! चार किलोचे बूट पिशवीतून गेले आणि पिशवी हलकी झाली. पायात काय घालायचं यावर विमानवाल्यांचा नियम नव्हता.

एरवी मी म्हटलं असतं, लोक बघतायत, लाज वाटत नाही का? खरं सांगते, मला त्या क्षणी अख्खं विमानतळ बघायला हवं होतं. बघा म्हणावं, ही बघा माझी पोरगी.

दारावरचा गार्ड त्या बुटांकडं बघत राहिला. तिनं त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं आमच्याकडं बघितलं, मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि दारातून एक पाऊल बाहेर येऊ दिलं.

"पिशवी गेली पट्ट्यावर," ती धापा टाकत म्हणाली. "बारा किलो. हे घे तुझं सामान."

तिनं लाडू, शेंगदाणे, चटणी, सगळं माझ्या हातात दिलं. मी घेतलं आणि मग मला कळलं, की पिशवीत आता माझं काहीच उरलं नाही. फळ्या तिच्या, काठ्या तिच्या, बूट तर तिच्या पायातच. पोकळी वगैरे सगळं मी म्हटलं होतं, पण खरं कारण हे होतं, की इतक्या लांब तिच्याबरोबर माझं थोडं काहीतरी जावं. हे मी कुणाला बोलले नव्हते. स्वतःलासुद्धा नाही.

"सकाळी हजेरी असती नं?" मी उगाच विचारलं.

"व्हय. आता हायेत नं बूट." मग ती म्हणाली, "घाईत पाया पडायचं राहिलं बघ."

तिनं आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं वाकायला लागली. पण त्या बुटात घोटा वाकत नाही. तो बूट तसाच असतो, पाय पुढं कललेला आणि जखडलेला. ती कमरेत वाकली, तोल गेला आणि पायांपर्यंत पोचायच्या आधीच सगळीच्या सगळी माझ्या अंगावर आली. लाडूची पिशवी खाली पडली. मी तिला दोन्ही हातांनी धरलं.

आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही. पाया पडतात, डोक्यावर हात ठेवतात, फार तर पाठीवर धपाटा. ती चौथीत गेल्यापासून मी तिला असं कवेत घेतलेलं आठवत नव्हतं. ती हसत होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं होतं की मीही हसतेय. हे म्हणाले, "आगं, रडतीस काय?"

"कुठं रडतीय?" मी म्हटलं आणि आणखी घट्ट धरलं.

ती म्हणाली, "आई, काउंटर बंद झालं असंल." मी म्हटलं, "व्हय." ती म्हणाली, "सिक्युरिटीला लाइन हाय." मी म्हटलं, "व्हय, जा की." आणि हात तसेच.

शेवटी गार्ड जवळ आला. हळूच म्हणाला, "माताजी, अब छोड़ दीजिए."

तेव्हा कुठं सोडलं.